सशाचा वैद्य कोण? एका पाळीव प्राण्याच्या उपचारांचा उलटासुलटा इतिहास

१/
जानेवारी १९५५. फ्रान्समधील एका न्यायालयाने पॉल-फेलिक्स आर्मां-देलील या ऐंशी वर्षांच्या नामवंत डॉक्टरांना पाच हजार फ्रँकचा दंड ठोठावला. पुढच्याच वर्षी, ज्या कृत्यासाठी दंड झाला त्याच कृत्यासाठी, त्यांना सन्मानपूर्वक पदक देण्यात आले. पदकाच्या एका बाजूला डॉक्टरांचा चेहरा होता, दुसऱ्या बाजूला मेलेला ससा.
गुन्हा आणि गौरव यांची ही गाठ कशी पडली, याचे उत्तर युरोपीय समाजाने सशाला कोणकोणत्या रूपांत पाहिले यात आहे. आजारी सशाला डॉक्टरकडे न्यावे की नाही, या आजच्या साध्या प्रश्नामागेही तोच इतिहास उभा आहे.

२/
प्रथम एक खुलासा. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा, बिळे न खणणारा, एकटा राहणारा ससा हा भारतीय वन्यप्राणी असून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तो पाळता येत नाही. बाजारात पाळण्यासाठी विकला जाणारा ससा मात्र मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतला. तो बिळे खणतो आणि कळपाने राहतो. या धाग्याचा विषय हा दुसरा ससा.

३/
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा ससा म्हणजे श्रीमंतांची मालमत्ता होती. जमीनदार सशांसाठी राखीव कुरणे ठेवत, त्यांवर राखणदार नेमत आणि चोरून शिकार करणाऱ्यांना शिक्षा देववीत. मांस ताटात जाई, कातडे अंगरख्याच्या अस्तरात. सशाची काळजी घेतली जात होती. पण ती कुरणाची, कळपाची आणि उत्पन्नाची. एक ससा आजारी पडला तर त्याला बरे करावे, हा विचार त्या व्यवस्थेत बसणाराच नव्हता.

४/
पशुवैद्यकशास्त्राचा जन्मही उपयुक्ततेतूनच झाला. क्लोद बुर्जला यांनी फ्रान्समधील ल्यों येथे १७६१-६२ मध्ये पहिली पशुवैद्यकशाळा काढली, तेव्हा युरोपातील गोधन साथींनी मरत होते. लंडनची शाळा १७९१ साली निघाली. तिचा मुख्य विषय घोडा. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ट्रामदेखील घोडेच ओढत होते. ज्या जनावराच्या मरणाने धनी बुडतो, त्याच्यासाठी डॉक्टर. असा हा हिशेब होता. सशाच्या मरणाने कोणी बुडत नव्हते.

५/
एकोणिसाव्या शतकात ससा शहरी घरांच्या परसात आला. लाकडी खुराडे, समोर जाळी, आत एक ससा; हे चित्र याच काळात रुजले. मात्र पाळीव ससा आणि खाण्याचा ससा यांच्यात भिंत नव्हती. इझाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात ससा शिजवण्याच्या कृती आहेत आणि त्यांच्याच शेजारी लांबकानी, अंगोरा अशा हौशी जातींची टिपणेही आहेत. एकाच पानावर कौतुक आणि कढई.

६/
या द्विधा वृत्तीचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण म्हणजे पीटर रॅबिट. बिअॅट्रिक्स पॉटर यांनी पीटर नावाचा ससा खरोखरच पाळला होता. त्याला त्या प्रवासात सोबत नेत, खोलीत शेकोटीपाशी झोपू देत. तो सुमारे नऊ वर्षे जगून १९०१ साली मरण पावला. पुढल्या वर्षी, १९०२ मध्ये, त्याच्या नावाचे पुस्तक बाजारात आले. या बालकथेत पीटर निळे जाकीट घालतो, आईचे ऐकत नाही. आणि त्याच्या वडिलांना मात्र शेतमालकाच्या बायकोने पेस्ट्रीच्या आवरणात घालून भाजलेले असते. मुलांना यात काही विसंगत वाटले नाही. मोठ्यांनाही नाही.

७/
ससा स्वस्त होता, हे त्याच्या उपचारांच्या आड आलेले सर्वांत मोठे कारण. डॉक्टरची फी एका नव्या सशाच्या किमतीपेक्षा अधिक. मग उपचार कशाला?
कुत्र्याची गोष्ट वेगळी होती. १९२० च्या दशकात डिस्टेम्पर या रोगाने शिकारी कुत्रे मरू लागले, तेव्हा ‘द फील्ड’ या इंग्रजी नियतकालिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशातून लेडलॉ व डंकिन या संशोधकांनी लस तयार केली. कुत्र्यामागे पैसेवाला मालक उभा होता. सशामागे बहुधा एखादे लहान मूल उभे असे आणि त्याच्या खिशात काही नसे.

८/
गरिबांच्या जनावरांना दार उघडले ते एका स्त्रीने. मारिया डिकिन यांनी १७ नोव्हेंबर १९१७ रोजी, पहिले महायुद्ध चालू असताना, लंडनच्या व्हाइटचॅपल या कामगारवस्तीतील एका तळघरात मोफत दवाखाना सुरू केला. कोणताही प्राणी आणावा, सर्वांवर विनामूल्य उपचार होतील, अशा आशयाची पाटी त्यांनी दाराशी लावली. ‘कोणताही’ हा शब्द महत्त्वाचा. आता प्रश्न प्राण्याच्या किमतीचा नव्हता, त्याच्या दुखण्याचा होता. पदवीधारक पशुवैद्यकांनी मात्र, बिगरपदवीधर माणसे उपचार करतात म्हणून, या संस्थेला दीर्घकाळ विरोध केला.

९/
याच काळात ससा वैद्यकशास्त्राच्या अगदी मध्यभागी बसलेला होता. फक्त रुग्ण म्हणून नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लुई पाश्चर यांची लस सशांच्या मज्जारज्जूतून आली. रोगग्रस्त सशांचा मज्जारज्जू काढून तो कोरड्या हवेच्या बाटल्यांत टांगला जाई. दिवसागणिक त्यातील विष मंदावे. ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला पहिली टोचणी दिली गेली ती याच द्रव्याची. मूल वाचले. त्यामागच्या सशांची मोजदाद इतिहासाने ठेवलेली नाही.

१०/
१९३१ साली अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅफम यांनी गर्भनिदानाची चाचणी शोधली. स्त्रीची लघवी सशाच्या मादीच्या कानातील शिरेत टोचायची आणि नंतर मादीचे पोट उघडून अंडाशय पाहायचे. निष्कर्ष काहीही निघो, मादीचा जीव सहसा जाई.
१९४४ साली जॉन ड्रेझ यांची डोळ्यांची चाचणी आली. प्रसाधने आणि रसायने सशाच्या डोळ्यात घालून दाह मोजायचा. शांत स्वभाव, मोठे डोळे आणि अश्रू कमी. हे सशाचे गुणच त्याला भोवले.

११/
या साऱ्या कामातून सशाच्या शरीराचे अफाट ज्ञान साठत गेले. १९३८ साली हॅरी ग्रीन आणि जॉन सॅक्स्टन यांनी प्रयोगशाळेतील माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळतो, हे नोंदवले. वय वाढते तसा धोका वाढतो आणि वेळीच गर्भाशय काढल्यास तो टळतो. आज प्रत्येक जाणकार पशुवैद्यक मादी सशाच्या मालकाला हेच सांगतो. पण ही माहिती प्रयोगशाळेतून घरातल्या खुराड्यापर्यंत पोहोचायला जवळपास अर्धशतक लागले. ज्ञान होते, ते सशासाठी वापरावे असे कोणाला वाटत नव्हते.

१२/
आता तो विषाणू. ज्युसेप्पे सानारेल्ली हे इटालियन शास्त्रज्ञ उरुग्वेतील माँतेव्हिदेओ येथे काम करीत होते. १८९६ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील युरोपीय ससे एका विचित्र रोगाने भराभर मेले. पापण्या सुजून डोळे मिटत, अंगावर गाठी येत आणि काही दिवसांत मृत्यू येई. या रोगाला पुढे मिक्सोमॅटोसिस हे नाव रूढ झाले. दक्षिण अमेरिकेतील रानसशांना याच विषाणूने केवळ एखादी गाठ येते. युरोपीय सशासाठी मात्र तो काळ ठरला.

१३/
तिकडे ऑस्ट्रेलियात ससा शत्रू ठरलेला होता. १८५९ साली थॉमस ऑस्टिन यांनी शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे आणवले. काही दशकांत त्यांच्या कोट्यवधी वंशजांनी कुरणे फस्त केली. मुलांच्या पोलिओवर आयुष्यभर झटणाऱ्या डॉ. जीन मॅकनमारा यांनी हा विषाणू सशांवर सोडावा, असा आग्रह धरला. १९५० मध्ये तो सोडला गेला. त्यापासून माणसांना धोका असल्याची भीती पसरली, तेव्हा मॅकफर्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्ल्युनिस रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो स्वतःलाच टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही.

१४/
ऑस्ट्रेलियाच्या यशाची वार्ता आर्मां-देलील यांच्या कानी गेली. पॅरिसच्या पश्चिमेस मायबुआ येथे त्यांची तटबंदीने वेढलेली मोठी जागा होती आणि सशांनी तेथील झाडे कुरतडून टाकली होती. १४ जून १९५२ रोजी त्यांनी दोन सशांना विषाणू टोचून आवारात सोडले. आवारातील ससे संपले. पण विषाणूने तट ओलांडला. दोन वर्षांत फ्रान्समधील बहुतांश रानससे मेले आणि शेजारच्या देशांतही साथ पोहोचली.

१५/
शिकारी संतापले, कारण त्यांचे सावज गेले. मांसासाठी ससे पाळणारे संतापले, कारण खुराड्यांतील ससेही मरू लागले. शेतकरी आणि वनखाते मात्र आनंदात होते; पिके आणि रोपे वाचली होती. दंड पहिल्या दोघांच्या रोषातून आला, पदक तिसऱ्या गटाच्या कृतज्ञतेतून.
लक्षात घ्यावे असे की या वादात तिन्ही बाजू आपापल्या नुकसानीविषयी बोलत होत्या. आंधळा होऊन मरणाऱ्या सशाच्या वेदनेविषयी न्यायालयात कोणी दाद मागितली नव्हती.

१६/
ती वेदना सार्वजनिक झाली ब्रिटनमध्ये. १९५३ साली केंट परगण्यात पहिला उद्रेक झाला आणि दोन वर्षांत देशातील ९५ टक्क्यांहून अधिक रानससे नाहीसे झाले. आपले रान सशांपासून मोकळे व्हावे म्हणून काही शेतकरी आजारी ससे मुद्दाम दुसरीकडे नेऊन सोडत. पण आता मरण रानाआड नव्हते. सुजलेल्या डोक्याचे, आंधळे ससे रस्त्याच्या कडेला बसून राहत. माणूस जवळ आला तरी हलत नसत. सहलीला निघालेली शहरी कुटुंबे हे पाहत होती. फिलिप लार्किन यांनी या रोगाच्याच नावाची कविता लिहिली; ती १९५५ च्या त्यांच्या ‘द लेस डिसीव्ह्ड’ या संग्रहात आहे.

१७/
लोकक्षोभाचा परिणाम कायद्यावर झाला. १९५४ च्या ‘पेस्ट्स अॅक्ट’ने मिक्सोमॅटोसिस जाणूनबुजून पसरवणे हा गुन्हा ठरवला. परंतु त्याच कायद्याने रानससे संपवण्यासाठी खास क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकारही सरकारला दिला. म्हणजे मारणे मान्य, हालहाल करून मारणे अमान्य. अपुरी असली तरी ही नवी रेघ होती. दुसरा परिणाम स्वयंपाकघरात दिसला: रोगट सशांची किळस बसल्याने सशाच्या मांसाची मागणी कोसळली. ससा ताटातून उतरला आणि पुढच्या पिढीला तो केवळ लाडका प्राणी म्हणून भेटला.

१८/
या पिढीची समजूत पुस्तकांनीही घडवली. निसर्ग-अभ्यासक आर. एम. लॉकली यांनी १९६४ साली रानसशांच्या खासगी जीवनावर पुस्तक लिहिले. त्यांची नाती, भांडणे आणि मानपान यांची निरीक्षणे त्यात होती. ती वाचून रिचर्ड अॅडम्स यांनी ‘वॉटरशिप डाउन’ ही कादंबरी रचली (१९७२). १९७८ मध्ये तिचा चित्रपट झाला. ससा हा कळपाचा एक नग नसून भीती, स्मृती आणि मैत्री असलेला जीव आहे, ही जाणीव घरोघरी पोहोचली. १९८० साली अमेरिकेत हेन्री स्पिरा यांनी ड्रेझ चाचणीविरुद्ध वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, तेव्हा ही बदललेली लोकभावना त्यांच्या पाठीशी होती.

१९/
तरीही खुराडे तसेच होते. ते मोडायला १९८५ साली सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातील मॅरिनेल हॅरिमन यांनी ससा घरात, माणसांसोबत कसा ठेवावा यावर पुस्तक लिहिले. १९८८ मध्ये ‘हाउस रॅबिट सोसायटी’ स्थापन झाली. ब्रिटनमध्ये तशी संघटना १९९६ साली उभी राहिली. परसातील ससा मेलेला आढळे. घरातील ससा आजारी पडताना दिसे. सकाळी चारा खाल्ला नाही, लेंड्या कमी झाल्या, कोपऱ्यात अंग चोरून बसला, हे रोज डोळ्यांसमोर असलेल्या प्राण्याविषयीच कळते. दवाखान्याच्या दारात सशाचे मालक दिसू लागले.

२०/
दारापलीकडे मात्र तयारी नव्हती. बहुतेक डॉक्टर सशाला लहान मांजर किंवा मोठा उंदीर समजत. खरे तर १९१२ मध्येच जे. डब्ल्यू. गिडली यांनी ससे हे उंदरांच्या गणात बसत नाहीत, असे मांडले होते. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर तोंडात रुततात. त्याचे आतडे सतत चालावे लागते. अर्धा-एक दिवस थांबले तरी जीव जाऊ शकतो. शिकार होणारा प्राणी असल्याने तो दुखणे लपवतो. त्यामुळे ‘कालपर्यंत ठणठणीत होता’ हे मालकांचे वाक्य प्रामाणिक असे आणि चुकीचेही.

२१/
अज्ञान प्रत्यक्ष घातकही ठरे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा निरुपद्रवीपणा ज्या प्राण्यांत टोचून तपासला, त्यांत ससा होता. पण तेच औषध सशाच्या तोंडावाटे दिले तर आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससाही दगावू शकतो.
भुलेचेही तसेच. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळले. कुत्र्याच्या जवळपास आठपट. ‘ससा ऑपरेशन सोसत नाही’ ही लोकसमजूत निराधार नव्हती. पण त्यातला काही दोष शिक्षणाचाही होता. सशांच्या वैद्यकावर छोट्या प्राण्यांच्या ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेची स्वतंत्र पुस्तिका निघाली ती २००० साली.

२२/
त्यानंतर कायदा आला. इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने मालकावर प्राण्याच्या पाच गरजा पुरवण्याचे कर्तव्य टाकले. वेदना आणि रोगापासून संरक्षण ही त्यांपैकी एक. त्याच कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना प्राणी विकण्यास मनाई केली. १९५१ च्या कायद्यात ही मर्यादा बारा वर्षांची होती. ससा हा मुलांचा प्राणी, म्हणून त्याची जबाबदारी कोणाचीच नाही. शंभर वर्षांची ही पळवाट निदान कागदावर बंद झाली. मात्र डिकिन यांच्या संस्थेने २०११ पासून घेतलेल्या पाहण्यांत सुरुवातीच्या वर्षांत निम्म्याहून अधिक ससे एकटेच ठेवलेले आढळत. कळपाच्या प्राण्यासाठी तो एकांतवासच.

२३/
लसीचाही मार्ग लांबचा. १९८४ साली चीनमध्ये सशांचा दुसरा जीवघेणा, रक्तस्राव घडवणारा रोग प्रकटला. १९९२ मध्ये तो ब्रिटनमध्ये पोहोचला. २०१२ साली तेथे मिक्सोमॅटोसिस आणि हा रोग, दोहोंवरची एकत्रित लस आली. ज्या विषाणूच्या प्रसाराबद्दल कधी पदक दिले गेले होते, त्याच्यापासून वाचवण्यासाठी आता लोक पैसे मोजून ससा दवाखान्यात आणू लागले.
२०१२ मध्येच संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली: डोळे किती मिटले, गाल किती ओढले, कान कसे वळले. ही मोजपट्टीही प्रयोगशाळेतील सशांवरच्या अभ्यासातून आली. या वेळी मात्र प्रश्न सशाच्या दुखण्याचा होता.

२४/
हा प्रवास सर्वत्र पूर्ण झालेला नाही. ऑस्ट्रेलियात मिक्सोमॅटोसिसची लस पाळीव सशालाही मिळत नाही. लशीत जिवंत विषाणू असतो. तो रानसशांत पसरून त्यांना प्रतिकारशक्ती मिळाली तर शेती पुन्हा धोक्यात येईल, ही तेथील भीती आहे. क्वीन्सलंड राज्यात तर घरी ससा पाळणेच बेकायदा आहे. ही भूमिका निव्वळ निर्दयतेची नव्हे. रानसशांनी तेथील वनस्पती आणि दुर्मीळ प्राण्यांची केलेली हानी खरी आहे, आणि मांडीवरच्या सशाचे दुखणेही खरे आहे.

२५/
म्हणून मेलबर्नमधील सशाचा मालक आजही तेच करतो जे लसीआधीच्या काळात शक्य होते. मिक्सोमॅटोसिस तेथे मुख्यतः डासांमुळे पसरतो. तेव्हा तो संध्याकाळी ससा घरात घेतो आणि पिंजऱ्यावर मच्छरदाणी ताणतो. जाळीच्या आत कुटुंबातला एक जीव असतो. जाळीच्या बाहेर, त्याच जातीचा, त्याच रक्ताचा प्राणी सरकारी यादीत उपद्रवी म्हणून नोंदलेला असतो.
(समाप्त)